श्रावणीला कुणी काही सांगितलं नव्हतं

समर्थच्या मांडीवर निळे डाग दिसले तेव्हा मी आधी त्याला रागावले. "कुठं पडलास? शाळेत कुणी मारलं का?" तो म्हणाला, "पडलो नाही." मला खरं वाटलं नाही. सहा वर्षांचं पोर, दिवसभर जिन्यावरून उड्या मारणारं. पण त्या उड्या दोन आठवड्यांपासून थांबल्या होत्या आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शाळेतून आला की पाय दुखतात म्हणून पलंगावर पडून राहायचा. अंगात कणकण असायची. मी घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. जूनच्या आधीचा हंगाम, मशीनवरून उठायला सवड नसते. मी त्याचे पाय चेपून द्यायचे आणि परत कॉलर लावायला बसायचे.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. संध्याकाळी त्यांनी रिपोर्ट बघितला. "मल्लिनाथना बोलवून घ्या," एवढंच म्हणाले. मल्लिनाथ म्हणजे माझे मिस्टर. ते वायरमन आहेत. फोन केला तेव्हा खांबावर होते. तसेच उतरून, रबरी हातमोजे खिशात कोंबून दवाखान्यात आले. डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, "उद्यावर टाकू नका."

मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या कमरेच्या हाडातून पाणी काढलं. दोन दिवसांनी तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बसवलं. त्या शांतपणे बोलत होत्या. रक्ताचा कॅन्सर आहे, लहान मुलांमधला हा प्रकार बरा होऊ शकतो, बरीच मुलं बरी होतात, पण उपचार लांब चालतात, अडीच वर्षं धरून चाला. मल्लिनाथ टेबलाच्या कडेकडं बघत होते. मी विचारलं, "पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा आहे. बसवू का त्याला?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि "नको," म्हणाल्या. तेवढ्या बोलण्यातून मी परीक्षेचंच धरून बसले, याची मला अजून लाज वाटते.

काय सांगायचं, काय नाही

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही पहिला निर्णय घेतला तो श्रावणीबद्दल. श्रावणी आमची मोठी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, सहावीत. मल्लिनाथ म्हणाले, "तिला काही सांगू नको. पोरीची जात, घाबरून बसंल. शाळेत बोलून जाईल." मला ते पटलं. खरं तर मला कुणालाच काही सांगायचं नव्हतं. शब्द तोंडातून काढला की तो खरा होईल, असं वाटत होतं.

माझ्या सासूबाई दुधनीला असतात. तिकडं कन्नड बोलतात, म्हणून मुलं त्यांना अव्वा म्हणतात. त्या दुसऱ्या दिवशी आल्या, समर्थच्या अंगावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या रोगाचं नाव घरात घ्यायचं न्हाय. रक्त कमी झालंय म्हणायचं." तेच ठरलं. श्रावणीनं शेजारच्या काकूंकडं राहून परीक्षा दिली. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मल्लिनाथ तिला दुधनीला सोडून आले. सुट्टी होतीच. पण शाळा सुरू होऊन महिना झाला तरी ती तिथंच होती. फोन केला की विचारायची, "समर्थ जेवला का?" बाकी काही नाही. मी म्हणायचे, बघा कशी समजूतदार आहे पोरगी.

वॉर्ड

सकाळी सहाला ताप मोजायला यायचे, मग वजन, मग रक्त. राउंडच्या आधी खाटेवरची चादर सरळ असावी लागायची. मी ती दहा वेळा सरळ करायचे. मला बसता येत नव्हतं. समर्थ झोपला की मी त्याच्या सलाइनचे थेंब बघत उभी राहायचे, मग खिडकीपाशी, मग नळापाशी, मग परत थेंब. एक सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडं बघून मला चक्कर येते. बसा की जरा." बसले. दोन मिनिटांनी उठले.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी समर्थचं तोंड फुगलं. त्याला अशी भूक लागायची की सकाळची इडली संपायच्या आत दुपारी काय आहे म्हणून रडायचा. हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर, पाहिजे म्हणून त्यानं दोन दिवस डोकं खाल्लं. अव्वानं दुधनीहून करून पाठवली. डबा उघडला तेव्हा त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "नको. घाण वास येतो." मी डबा आपटला. समोरच्या खाटेवरची बाई माझ्याकडं बघत राहिली. मग मी बाथरूममध्ये जाऊन ती हुग्गी उभ्यानं, हातानं खाल्ली. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पाठीत इंजेक्शन द्यायचा दिवस सगळ्यात वाईट. मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन धरायचं. पहिल्या वेळी समर्थनं माझ्या मनगटाला चावा घेतला. दुसऱ्या वेळी पद्मा सिस्टर होत्या. तिशीच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आवाज बारीक. त्यांनी त्याला विचारलं, "तुला कन्नड येतं म्हणे. मला आकडे शिकवतो?" समर्थ म्हणायला लागला, ओंदू, एरडू, मूरू. त्या तेलुगूत म्हणायच्या, ओकटी, रेंडू, मूडू. मुद्दाम चुकायच्या. तो त्यांना दुरुस्त करायच्या नादात सतरापर्यंत गेला आणि सुई निघालीसुद्धा. पुढं दर वेळी तो आधी विचारायचा, "पद्मा सिस्टर आहेत का?"

याच पद्मा सिस्टर नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होत्या. एके दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याजवळ बसल्या. आजारी मुलाचं घर कसं चालतं, कोण काय करतं, कोण काय ठरवतं, यावर त्यांचा अभ्यास होता. मी म्हणाले, "आमचं घर नीट चाललंय."

"मोठी मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे. ती शहाणी आहे. तिचं काही नाही."

"तिला आजार माहीत आहे?"

"गरज नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी अशा अभ्यासात नुसतं आईला विचारायचे. आईचं उत्तर म्हणजे घराचं उत्तर. आता बाबांना विचारतात, भावंडांनाही विचारतात. उत्तरं वेगवेगळी येतात. तुमची हरकत नसेल तर मी तिला भेटू का कधीतरी?"

"बघू," म्हणाले मी आणि चादर सरळ करायला उठले.

घरी

पावसाळ्यात आम्ही घरी आलो. औषधं चालूच होती. आठवड्यातून एकदा-दोनदा हॉस्पिटलला जायचं, बाकी घरी. श्रावणीलाही आणलं. मी घराचे नियम केले. पाणी उकळलेलं, कच्चं काही नाही, बाहेरचं कुणी आत नाही, त्याचं ताट वेगळं, दार उघडलं की हात धुवायचे. का, ते सांगितलं नाही. "मी सांगते तसं कर" एवढंच. श्रावणीनं तसं केलं.

मल्लिनाथ घरात कमी थांबायला लागले. कुणाचीही ड्युटी अंगावर घ्यायचे. एकदा मी गच्चीवरून बघितलं, ते घरी पोचले होते, पण गाडी बंद करून तिच्यावरच बसून राहिले होते. अर्धा तास. वर आल्यावर मी भांडले. ते म्हणाले, "मी काय करू ते तरी सांग. तू मला गोळीला हात लावू देत नाहीस, डॉक्टर काय म्हणाले ते सांगत नाहीस."

"करायचं असलं तर विचारायला कशाला लागतं तुम्हाला?"

श्रावणी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

खरं तर त्यांचं बरोबर होतं. सगळं माझ्या डोक्यात आणि माझ्या पर्समध्ये होतं. हॉस्पिटलनं घरी जाताना एक छापील कागद दिला होता. त्यात पहिलीच ओळ होती, ताप आला तर ताबडतोब फोन करा, घरातलं तापाचं औषध देऊ नका, मुलाला घेऊन या. खाली नंबर. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. पर्स कायम माझ्या खांद्याला.

तो दिवस

गौरी-गणपतीची सुट्टी संपत आली होती. मल्लिनाथ ड्युटीवर. मी थोडी शिलाई परत सुरू केली होती आणि शिवलेले शर्ट अक्कलकोट रोडच्या कारखान्यात पोचवायचे होते. आता लिहायचंच तर खरं लिहिते. त्या शर्टांची घाई नव्हती. मला घरातून बाहेर पडायचं होतं. पाच महिने एका मुलाच्या श्वासाकडं बघून मी विटले होते. श्रावणीला म्हणाले, "दोन तासांत येते. तो झोपलाय." पर्स घेतली आणि निघाले.

कारखान्यात ओळखीच्या बायका भेटल्या. त्यांच्यात बसले, चहा घेतला, हसलेसुद्धा. दोनाचे चार तास झाले.

घरी आले तर श्रावणी दारातच उभी होती. चेहरा खुललेला. "आई, समर्थला ताप आला होता. मी उतरवला."

"कसा?"

"ते गुलाबी सिरप दिलं, माझ्या तापाला तू देतेस ते. कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्याला गोष्ट सांगितली. आता बघ, गार झालाय."

समर्थ गारच होता. पण डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर फक्त मान हलवत होता. मी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून म्हणाले, निघा लगेच. मल्लिनाथना कळवलं. श्रावणीला एकटं कुठं ठेवायचं, म्हणून तिलाही रिक्षात घेतलं. रस्त्यात समर्थला थंडी भरली. दात वाजत होते, ओठ काळे पडले होते. श्रावणी त्याचे पाय चोळत होती.

त्याला सरळ आयसीयूत नेलं. मॅडमनी सांगितलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, रक्तात जंतू पसरले असावेत, सिरपनं ताप झाकला गेला आणि मधले तास हातचे गेले. दार बंद झालं. मल्लिनाथ धावत आले. "काय झालं?"

मी श्रावणीकडं बोट केलं. "हिला विचारा. हिला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? भावाला मारायला निघाली होती."

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. शिपाई होता, दोन सिस्टर होत्या. श्रावणी रडली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मल्लिनाथांनी तिला घरी नेलं.

चार दिवस समर्थ आत होता. पहिले दोन दिवस मला त्या बंद दाराशिवाय काही आठवत नाही. जिन्यावरून खाली जायचे, गेटपर्यंत, परत वर. चपलेचा अंगठा तुटला तर अनवाणी. दुसऱ्या दिवशी मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "औषधाला प्रतिसाद देतोय." मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीला दोष देऊ नका. ताप आला तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं होतं. तिनं जे केलं ते कुठल्याही घरात करतात."

मला ते ऐकू आलं, समजलंही. तरी श्रावणीला हे सांगायला मी जवळजवळ तीन आठवडे लावले. माझं चुकलं असं म्हणायचं, तर ते चहाचे तास, ती पर्स, सगळंच बाहेर काढावं लागलं असतं.

"मला दुधनीला सोडा"

समर्थ घरी आला त्या दिवशी श्रावणी म्हणाली, "मला दुधनीला सोडा. तिथल्या शाळेत जाते मी." मल्लिनाथ म्हणाले, "का गं?" ती म्हणाली, "असंच." मी समजले, रुसली आहे, होईल ठीक. ती समर्थच्या खोलीत यायची नाही. त्यानं हाक मारली तर उंबऱ्यावरून उत्तर द्यायची. त्याच्या ताटाला, पेल्याला हात लावायची नाही.

पुढच्या तपासणीला पद्मा सिस्टर भेटल्या. त्यांना आयसीयूचं सगळं कळलं होतं. त्यांनी परत विचारलं, "आता भेटू का मुलीला?" या वेळी मी हो म्हणाले. शनिवारी शाळा सुटल्यावर मल्लिनाथ तिला घेऊन आले. दोघी हॉस्पिटलच्या बागेतल्या बाकावर बसल्या. मी काचेतून बघत होते. श्रावणी खाली मान घालून बोलत होती आणि सिस्टर काही लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. पाऊण तास.

नंतर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"ते मला सांगता येणार नाही. तिला शब्द दिलाय. पण तुम्ही तिला विचारा."

"काय विचारू?"

"घरात तुझं काम काय, हे मी विचारलं होतं. तुम्हीपण तेच विचारा."

तीन दिवस मी ते तोंडाशी आणलं आणि गिळलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. मशीनवर बसले तर शर्टाची उलटी बाही जोडली, उसवली, परत उलटीच जोडली. शेवटी मंगळवारी दुपारी ती शेंगा सोलत बसली होती, मी समोर जाऊन बसले आणि विचारलं.

ती सोलत राहिली. म्हणाली, "माझं काम, काही न विचारणं."

"म्हणजे?"

"तुम्ही सगळे गप्प व्हायचात मी आले की. मग मी यायचे नाही. समर्थला कॅन्सर आहे ते मला दुधनीतच कळलं. दुकानात गेले तर तिथल्या काकांनी विचारलं, तुझ्या भावाला कॅन्सर झालाय म्हणे, कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे."

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू रडली असतीस. अव्वा म्हणाली होती, आईला त्रास द्यायचा न्हाय."

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बारा वर्षांच्या पोरीनं ते एकटीनं पोटात ठेवलं होतं. मी तिला म्हणाले, "त्या दिवशीची चूक तुझी नव्हती." तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तू म्हणालीस मी त्याला मारायला निघाले होते."

"मी रागात बोलले."

"पण म्हणालीस."

मग मी पर्स आणली. तो कागद काढून तिच्यासमोर शेंगांच्या टरफलांवर ठेवला. तिनं पहिली ओळ वाचली. परत वाचली. "हे तुझ्याकडं होतं?"

"होतं."

"मग मला का नाही दाखवलंस?" आणि तेव्हा ती रडली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं हात झटकला. मी तिथंच बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी नंबर लावला असता गं. मला फोन करता येतो की."

नंतर

त्या आठवड्यात आम्ही चौघं एकत्र बसलो. समर्थलाही त्याला कळेल असं आजाराचं नाव सांगितलं. त्यानं विचारलं, "मग माझे केस परत येणार ना?" आणि खेळायला गेला. अव्वाला मल्लिनाथांनी सांगितलं की आता नाव घ्यायचं. त्या म्हणाल्या, "तसं असंल तर त्याला काय खायला चालतं ते सांगा, मी करते." कागद स्वयंपाकघराच्या दारावर गेला. गोळ्या द्यायचं काम मल्लिनाथांनी अंगावर घेतलं. कुठल्या वारी किती, हे त्यांनी माझ्यापेक्षा चोख सांभाळलं. गाडीवर बसून राहणं कमी झालं, बंद नाही झालं. श्रावणी दुधनीला गेली नाही.

सगळं सांगून टाकलं की घर हलकं होतं, असं मला लिहिता येणार नाही. श्रावणी दिवसातून दहा-दहा वेळा समर्थच्या काखेत थर्मामीटर घालायला लागली. शाळेच्या ऑफिसातून फोन करून विचारायची, किती आहे. तो वैतागून तिला ढकलायचा. पद्मा सिस्टरनी तिला बसवून सांगितलं, "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मध्ये अंग गरम लागलं तरच. बाकीचा वेळ तुझा." तिला ते जमायला दिवाळी उलटून गेली. आणखी दोनदा ताप आला. एकदा तिनंच आधी ओळखला, स्वतः फोन लावला, पत्ता सांगितला आणि मग मला उठवलं. मी दुपारची पडले होते.

समर्थच्या गोळ्या थांबून आता काही महिने झाले. तपासण्या चालू आहेत. पोर वाढलंय, शेंडी उभी राहते, उलट बोलतं. त्याच्या पायावर कुठं निळं दिसलं की मी त्याला उजेडात नेऊन चोळून बघते. परवा ते शाईचं निघालं.

ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी लिहिलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं की घरी जाऊन आधी मोठ्या मुलांना जवळ बसवून ते सांगा. कागद दाराला लावा. एवढं आमच्याकडून ऐका, बाकी तुमचं घर तुम्हाला माहीत.

छापायला द्यायच्या आधी मी हे सगळं श्रावणीला वाचून दाखवलं. ती आता दहावीला जाईल. पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एक वाक्य काढ. मी तुला लगेच माफ केलं असं लिहिलंयस."

"नव्हतं केलंस?"

"नाही."

मी ते वाक्य खोडलं. मग विचारलं, "आणि आता?"

"बरंचसं झालंय," म्हणाली. "थोडं राहिलंय."